मूळ आधी, आकडा मागून

शुक्रवारी दुपारी, शेवटचा तास संपायला दहा मिनिटं असताना, श्रेया बाकावरून उठली आणि म्हणाली, "सर, हे उत्तर उणे येतंय. वर्गमूळ उणे कसं येईल?" बोलणं एवढंच, आणि त्यात आगाऊपणा म्हणाल तर तोही नाही. पण रामनाथ मास्तरांचा खडू फळ्यावर होता तिथंच थांबला. फळ्यावर लिहिलेलं होतं √(७ − ४√३), आणि त्याच्याखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात उत्तर होतं, √३ − २. गेली वीस वर्षं ते हा प्रकार असाच शिकवत आले होते. आधी तिकडं तळेघरच्या डोंगरातल्या निवासी शाळेत, मग बदली होऊन जुन्नरला, आणि निवृत्तीनंतर जुन्नरातच इथं, खताच्या दुकानाच्या माडीवर भाड्यानं घेतलेल्या या खोलीत. समोर तीस पोरं-पोरी बसलेली. रविवारी पुण्याला बँकेच्या कारकुनाची परीक्षा. सव्वा तासात शंभर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद. वर्गमुळांचा धडा मास्तर दरवर्षी मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवायचे, कारण त्यात त्यांची स्वतःची अशी एक युक्ती होती आणि ती ताजी ताजी घेऊन पोरांनी पेपरला बसावं असं त्यांना वाटे. "घाई करतेस तू," मास्तर म्हणाले. "ताळा कर. उत्तराचा वर्ग कर आणि सांग काय येतं." श्रेयानं वहीत वर्ग केला. सात वजा चार मूळ तीनच आले. "जुळला ना?" "जुळला, सर." "मग बस खाली." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. श्रेया बसली, पण वहीकडं बघतच राहिली. मग त्यांनी ओझरच्या गणपतीचा प्रसाद सगळ्यांच्या हातावर ठेवला, दोन पेन न्या, ओळखपत्र विसरू नका, रात्री जागू नका, असं दरवर्षीचंच सांगितलं, आणि पोरं जिना धडाधडा वाजवत खाली गेली.

फळा पुसायला म्हणून ते वळले आणि पुसलाच नाही. मूळ तीन म्हणजे एक पूर्णांक सातशे बत्तीस सहस्रांश. हे शेंबडं पोरही सांगेल. त्यातून दोन गेले की उणे. आणि वर्गमुळाचं चिन्ह घातलं की उत्तर धनच घ्यायचं, हे याच तोंडानं, याच फळ्यावर त्यांनी कितीदा सांगितलं होतं. मग इथं दोन वजा मूळ तीन असायला हवं. मोठ्यातून लहान जातं, लहानातून मोठं नाही. ताळा जुळणारच, उणेचाही वर्ग धनच येतो, ताळ्याला त्याचं काय? मास्तर बाकावर टेकले. खालून युरियाचा उग्र वास येत होता, रोज येतो तसा, पण आज तो त्यांच्या नाकात बसला. आपल्याला हे दिसलं कसं नाही, हे त्यांना कळेना. वीस वर्षं. एखादं वर्ष म्हटलं तर माणूस चुकतो, पण वीस वर्षं त्याच खड्ड्यात पाय घालायचा आणि वर रस्ता कसा गुळगुळीत आहे म्हणून पोरांना सांगायचं, याला काय म्हणावं?

युक्तीचं मूळ त्यांना चांगलं आठवत होतं, आणि ते आठवून लाज वाटत होती. डोंगरातल्या शाळेतलं पहिलं वर्ष. पोरं उत्तरं लिहायची ती मनाला येईल तशी, कुणी आकडा आधी, कुणी मूळ आधी, आणि साठ वह्या तपासताना मास्तरांचं डोकं उठायचं. वह्या झटपट तपासून व्हाव्यात, एवढाच स्वार्थ. मग एका संध्याकाळी ते एका पोराच्या घरी जेवायला गेले. त्या घरात त्या दिवशी नाचणीच्या दोनच भाकरी होत्या, हे त्यांना मागाहून कळलं. त्या दोन्ही त्यांच्या पानात पडल्या, आणि घरातली माणसं, पोरांसकट, भिंतीला टेकून त्यांचं जेवण उरकण्याची वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तर म्हणाले, मूळ म्हणजे पावणं. पावण्याला आधी वाढायचं, घरचा आकडा मागून. पोरांना ते असं पटलं की विचारू नका. एकही वही पुन्हा उलटसुलट आली नाही. तपासणीला साहेब आले, त्यांनीही मान डोलावली, आणि मास्तरांची छाती फुगली. बेरजेत कुठं बिघडत नव्हतं. दोन अधिक मूळ तीन काय आणि मूळ तीन अधिक दोन काय. वजाबाकीत पावण्याला आधी बसवलं की घरच उणे होतं, हे बघायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. सगळे आपल्याला हुशार म्हणतात, ही सवय फार वाईट.

आणि मग जे मनात यायला नको होतं ते आलंच. तीस पोरांची तोंडं डोळ्यांपुढं आली नाहीत, एकीचंच आलं. इंद्रायणी. तळेघरच्या वरच्या वाडीतली, त्याच शाळेत शिकलेली, आणि बारावीनंतरही गणित न सोडलेली. मास्तरांची बदली जुन्नरला झाली तरी ती दर रविवारी यायची. पहाटे वाडीतून निघायचं, दीड तास चालायचं, मग गाडी, घोडेगावला दुसरी गाडी, आणि अकराच्या सुमाराला दारात चपलांचा आवाज. मास्तरांची बायको तेव्हा होती. ती म्हणायची, आली गं बाई माझी लेक, आणि भाकरी टाकायला घ्यायची. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. एक वर्षभर ते तिघं रविवारी एकत्र जेवले, आणि खरं सांगायचं तर मास्तरांच्या आयुष्यातलं भरलेलं असं वर्ष तेवढंच. शहाण्णव साली तिनं परीक्षा दिली. पुण्याहून परतताना सरळ मास्तरांकडं आली आणि आठवत होते तेवढे सगळे प्रश्न, आपल्या उत्तरांसकट, एका फुलस्केपवर उतरवून काढले. मास्तरांनी लाल पेनानं तपासले. गणिताचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. बायकोनं शिरा केला. तीन महिन्यांनी पत्र आलं, तेव्हा कळलं की यादी जिथं थांबली होती त्याच्या एकाच गुणानं खाली इंद्रायणी होती. ती पत्र घेऊन आली. मास्तरांनी पुन्हा कागद काढला, पुन्हा तपासला, पुन्हा सगळं बरोबर. मग चुकलं कुठं? उत्तरं बरोबर आणि गुण कमी, म्हणजे गोल काळे करताना गडबड झाली, दुसरं काय? उचलली जीभ लावली टाळ्याला. "घाई केलीस तू," ते तिला म्हणाले. "येत असून घालवलंस. घाईनं घात केला." ती खाली मान घालून बसली. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं, वाडीतल्या वाडीतच. पुन्हा कधी ती जुन्नरला आली नाही. बायको गेली तेव्हा मास्तरांनी पत्र टाकलं होतं, त्याचंही उत्तर नाही. पोरगी तोंड दाखवायला लाजते, असं ते स्वतःला समजावत.

कागद त्यांनी टाकलेला नव्हता. जुन्या लॉगटेबलाच्या पुस्तकात तो घडी घालून ठेवलेला होता, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी येऊन, दिव्याचं बटण दाबायचंही भान न ठेवता, त्यांनी तो खिडकीशी धरला. एकोणसत्तरावा प्रश्न. √(११ − ६√२). पुढं इंद्रायणीच्या बारीक, नेटक्या अक्षरात √२ − ३, आणि त्याच्याशेजारी लाल खूण. त्यांची. शेपूट लांब ओढलेली, खुशीत ओढलेली. एक गुण. त्या एका गुणावर तिचं टेबल होतं, खुर्ची होती, दर महिन्याचा पगार होता, आणि कुणी सांगावं, रविवारी अकराला दारात चपलांचा आवाजही होता.

सकाळी ते घोडेगावच्या गाडीत बसले तेव्हा त्यांना भूक नव्हती. शेजारी एक म्हातारा कोंबडी मांडीवर घेऊन बसलेला. त्यानं कुठं निघालात म्हणून विचारलं, तर मास्तर म्हणाले, एकीकडं जायचंय. घोडेगावहून भीमाशंकरची गाडी धरली. डिंभे धरणाच्या पाण्याकडेनं गाडी चढायला लागली आणि त्यांच्या मनात उलटसुलट सुरू झालं. सांगून उपयोग काय? आठ वर्षं झाली. तिचा संसार झाला, पोरं झाली असतील. वाळलेल्या जखमेवरची खपली काढून तुला काय मिळणार, रामनाथा? मिळणार एवढंच की रात्री झोप लागेल. म्हणजे हेही आपल्यासाठीच. तपासायच्या वह्यांसारखं. पण मग न सांगणं हेही आपल्यासाठीच झालं असतं, आणि ते जास्त सोपं. मधेच त्यांना वर्गातली पोरं आठवली, उद्याच्या पेपरात असलं गणित असेलच असंही आठवलं, आणि गालावरची माशी हाकलावी तसा त्यांनी तो विचार झटकला. आधी ही एक गाठ सोडवू, मग बघू. माणसाला लाज वाटायला लागली की तो जी लाज लांब आहे तिच्याकडं आधी जातो, जवळची तशीच ठेवतो.

तळेघरला उतरून ते वाडीकडं चालायला लागले. दीड तासाची वाट त्यांना दोन तास पुरली. कापणी उरकून भात झोडायचे दिवस होते. खळ्यावर इंद्रायणी पेंढ्या बांधत होती, आणि तिचा नवरा भागू लाकडावर भात आपटत होता. तिनं मान वर केली, ओळखलं, आणि हातातली पेंढी आधी पुरी बांधली, गाठ ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढून बघितली, आणि मगच उठून डोक्यावर पदर घेतला. "या गुरुजी," ती म्हणाली, जणू ते गेल्या रविवारीच भेटले होते. पाणी आलं. काकूंचं कळलं व्हतं, ती म्हणाली, पर येणं झालं न्हाई. मास्तर बरं म्हणाले. भागू मोठा मोकळा गडी. त्यानं पावण्याशी गप्पा मारायच्या म्हणून बायकोचंच गाऱ्हाणं काढलं. आमची बाय लई सावकास, गुरुजी, तो हसत म्हणाला. लोकांची भातं घरात पडली, आमी अजून खळ्यावर. दार लावलं तरी दोनदा उठून बघती. चुलीवर भात असला तर भाताजवळून हालत न्हाई. बाजारात मोड मोजाया उभी ऱ्हायली की गाडी निघून जाती. मी म्हणतो अगं चल, तर म्हणती, घाईनं घात व्हतो. इंद्रायणी नवऱ्याकडं बघून हसली. मास्तरांच्या हातातला तांब्या जड झाला. ते शब्द कुणाचे होते हे भागूला ठाऊक नव्हतं, आणि मास्तरांनी ते वाक्य तर एकदा म्हणून सोडून दिलं होतं. ती मात्र आठ वर्षं त्याच्या हुकमात राहिली होती. दारं, चूल, पेंढ्या, सगळं त्या एका वाक्याखाली.

भागू बैलांना पाणी दाखवायला गेला तेव्हा मास्तरांनी खिशातून कागद काढला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला. "इंद्रायणी, हे एकोणसत्तरावं बघ," ते म्हणाले. "तीन वजा मूळ दोन पाहिजे. माझी खूण चुकली. माझं शिकवणंच चुकलं. मूळ आधी, आकडा मागून, हे मीच डोक्यात भरलं तुमच्या. गोल भरताना तू काही गडबड केली नव्हतीस." हे सगळं त्यांनी गाडीत पाठ केलेलं होतं. इंद्रायणीनं कागद घेतला. ओठ हलवत वर्ग केला, मग मूळ दोनची किंमत धरली, बोटांवर काहीतरी मोजलं. तिला अजून येत होतं. मास्तर तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती रडेल असं त्यांना वाटलं होतं, किंवा चिडेल. चिडली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं. तिनं कागद घडीवर घडी घालून परत दिला आणि विचारलं, "तुमाला कवा कळलं?" काल, मास्तर म्हणाले, आणि श्रेयाचं सांगितलं, उद्याच्या परीक्षेचंही सांगितलं. "मग त्या पोरांना सांगितलं?" मास्तरांनी कागद खिशात घातला. इंद्रायणीनं त्यांच्याकडं असं बघितलं, की तसं इतक्या वर्षांच्या मास्तरकीत कुणा साहेबानंही बघितलं नव्हतं. "तीस जणं, गुरुजी," ती म्हणाली. "उठा. तळेघरात फोन हाय."

ती त्यांच्याबरोबर निघाली. भागूला तिनं लांबूनच हाक मारून सांगितलं, आणि वाटेला लागल्यावर एकदाही मागं वळून बघितलं नाही, दार लावलंय का, चूल विझलीय का, काही नाही. उतारावर ती इतकी भराभर चालत होती की मास्तरांना धाप लागली. तळेघरच्या दुकानात पिवळ्या खोक्यातला फोन होता. मास्तरांनी डायरीतून श्रेयाच्या वडलांच्या दुकानाचा नंबर काढला. फोन श्रेयानंच उचलला. "श्रेया, कालचं तुझं बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "दोन वजा मूळ तीन. माझं चुकलं. सगळ्यांना कळवायला पाहिजे, आजच." मग ती म्हणाली, "सर, मी काल स्टँडवरच सगळ्यांना सांगितलं. मोठी किंमत आधी ठेवा म्हणून. सगळ्यांना पटलं." आणि मग, आवाज खाली आणून, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून परत वर आलो नाही." मास्तर म्हणाले, बरं केलंस. मग म्हणाले, दोन पेन घेऊन जा. काल सांगितलंत सर, ती म्हणाली. दुकानदारानं आकडा बघून पैसे सांगितले. मास्तर बाहेर आले. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, हे खरं. पण ते त्यांनी उतरवलं नव्हतं. काल संध्याकाळी ते खोलीत फळ्यासमोर बसलेले असताना, तिकडं स्टँडवर तीस जणांनी त्यांना वगळून ते गणित सोडवून टाकलं होतं, आणि वर त्यांचं मन राखलं होतं. बाहेर इंद्रायणी उभी होती. पोरांना ठाऊक होतं, मास्तर म्हणाले, त्या पोरीनं सांगितलं होतं. "शहाणी हाय पोरगी," इंद्रायणी म्हणाली.

घोडेगावची गाडी यायला वेळ होता. दोघं रस्त्याकडेच्या दगडावर बसली. भीमाशंकरच्या बाजूनं गार वारा सुटला होता, आणि मास्तरांना वाटत होतं की ही आता काहीतरी बोलेल, माफ केलं म्हणेल, नाहीतर पुन्हा येऊ नका म्हणेल. इंद्रायणी हातावरची भाताची कुसं काढत होती. मग ती बोलली, आणि ते मास्तरांना उद्देशून होतं की नाही ते सांगता येणार नाही. "गुरुजी, त्या दिवशी माजा पेपर पंधरा मिंटं आधीच झाला व्हता." मास्तरांनी मान वळवली. "पंधरा मिंटं मी नुसती बसून व्हते. एकेक गोल तीन तीनदा बघितला. लांबच्या बाकावर एक पोरगी रडत व्हती, तिच्याकडं बी बघत व्हते. घाई कसली? मला सगळं आठवत व्हतं. मग तुमी म्हणला घाई केलीस." तिनं एक कूस उपटून टाकलं. "तवा मला वाटलं, केलीच असंल."

चढावर गाडीचा आवाज आला. इंद्रायणी उठली, तिनं हात दाखवला, गाडी थांबली, आणि म्हातारं माणूस हाय, बसाया जागा द्या, असं तिनं कंडक्टरला सांगितलं. मास्तर वर चढले. त्यांना वळून काहीतरी म्हणायचं होतं, निदान तिचं नाव तरी घ्यायचं होतं, पण दार लागलं. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही घोडेगाव हे नाव मास्तरांच्या तोंडी येईना.